मोटारसायकलला तेल कोणते घालावे?

आमचे एक शिक्षक स्नेही शिरूरला राहतात आणि दौंड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात. रोज सकाळी न्हावऱ्याच्या रस्त्याने मोटारसायकलवरून जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम आहे. फेब्रुवारीत त्यांच्या गाडीचे इंजिन ऑईल बदलायला झाले होते. नेहमीचे मिस्त्री म्हणाले, "सर, आता उन्हाळा लागेल. या वेळी जरा जाड तेल घाला." पण घरी पाहुण्यांच्या मोटारीसाठी आणलेल्या महागड्या तेलाचा डबा अर्ध्याहून अधिक शिल्लक होता. मोटारीला चालते ते मोटारसायकलला का चालू नये, आणि इतके महाग तेल वाईट कसे असेल, असा विचार करून सरांनी तेच घातले.

पाचव्या की सहाव्या दिवशी चढावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे होता. सरांनी त्याला ओलांडण्यासाठी ॲक्सिलरेटर पिळला. इंजिनाचा आवाज एकदम चढला, पण गाडीला वेग येईना. समोरून मालट्रक येताना दिसला. सरांनी कशीबशी गाडी पुन्हा ट्रॉलीच्या मागे घेतली. क्लच घसरत होता.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. त्यांचा प्रश्न असा होता: "मिस्त्री म्हणत होते तसे जाड तेल घातले असते, तर हे टळले असते का? आणि मुळात तेल निवडायचे ते कशावरून? उन्हावरून, किमतीवरून, की लोक सांगतात त्यावरून?"

खेड्यापाड्यांतून शिकवणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांचे रोजचे जाणे-येणे मोटारसायकलवर अवलंबून असते. शिवाय या एका प्रश्नात आठवी-नववीच्या विज्ञानातली निदान तीन प्रकरणे दडलेली आहेत. म्हणून त्याचे उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

काकवी आणि तेल

दौंड तालुक्यात केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे आहेत. गुऱ्हाळावर गेलेल्या कोणालाही हे ठाऊक असते, की कढईतली गरम काकवी पळीतून पाण्यासारखी ओघळते. तीच काकवी बाटलीत भरून घरी आणली आणि थंडीच्या दिवसांत सकाळी ताटात ओतू लागलो, की बाटली उलटी धरून वाट पाहावी लागते. पदार्थ तोच, पण वाहण्याला होणारा त्याचा विरोध बदलला. या विरोधाला 'श्यानता' म्हणतात. काही पुस्तकांत 'विष्यंदिता' असा शब्द आढळतो. बोलताना आपण ज्याला तेलाचा 'जाडपणा' म्हणतो, तो हाच.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावी. जाड म्हणजे जड नव्हे. इंजिन ऑईल पाण्यापेक्षा कितीतरी जाड असते, तरी ते पाण्यावर तरंगते. घनता आणि श्यानता हे दोन वेगळे गुण आहेत. मुले यांची हमखास गल्लत करतात.

इंजिनाच्या तेलाची श्यानता 'सेंटिस्टोक' या एककात सांगतात. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता जवळजवळ १ सेंटिस्टोक असते. बाजारात मिळणारी दोन नेहमीची तेले घेऊ: १०डब्ल्यू-३० आणि २०डब्ल्यू-५०. कंपनीप्रमाणे आकडे थोडे बदलतात, पण ठोकळमानाने चित्र असे दिसते. ४० अंशाला पहिल्याची श्यानता सुमारे ७० आणि दुसऱ्याची सुमारे १६० सेंटिस्टोक. १०० अंशाला पहिल्याची साधारण साडेदहा आणि दुसऱ्याची १८. आता शिरूरची डिसेंबरातली पहाट घ्या. पारा १० अंशांच्या आसपास आहे. या तापमानाला पहिल्या तेलाची श्यानता ३५० च्या घरात, तर दुसऱ्याची १००० च्या आसपास जाते.

म्हणजे पहाटे गाडीला किक मारताना २०डब्ल्यू-५० तेल जितके जाड असते, त्याच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही ते इंजिन पुरते तापल्यावर पातळ होते. दोन तेलांमधला फरकही पहाटे तिपटीचा असतो, तो तापल्यावर पावणेदोन पटीवर येतो. 'हे तेल जाड आहे' असे नुसते म्हणून भागत नाही. ते किती तापमानाला जाड आहे, हे सांगावे लागते.

वर्गात करून पाहा

दहा मिलिलिटरची नवी सिरिंज घ्या. सुई आणि दट्ट्या काढून टाका. सिरिंज उभी धरून तिचे टोक बोटाने बंद करा आणि वरपर्यंत तेल भरा. बोट काढा व तेल खालच्या पेल्यात गळून जायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर मोजा. आधी हे पाण्याने करा. दोन-चार सेकंदांत सिरिंज रिकामी होईल. मग शेंगदाण्याचे तेल, एरंडेल आणि नवे इंजिन ऑईल घ्या. एरंडेलाला मिनिटेच्या मिनिटे लागतील.

आता तीच तेले बाटलीत भरून कडक गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे ठेवा आणि पुन्हा मोजा. तेल थेट चुलीवर किंवा स्टोव्हवर तापवू नये. हिवाळ्यात हा प्रयोग सकाळी पहिल्या तासाला व दुपारी शेवटच्या तासाला करवून घेतला, तर गरम पाण्याविनाही फरक दिसतो. मुलांना तापमान आडव्या अक्षावर व सेकंद उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढायला सांगा. रेषा सरळ येणार नाही. थंडीकडे ती झपाट्याने वर चढेल. मोटारसायकलच्या तेलाची सारी अडचण या वळणात आहे.

तेलाचा थर काय करतो?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात ते झीज होऊ नये म्हणून, हे आपण जाणतो. पण एवढ्या वजनाखाली तेल दबून बाहेर का पडत नाही? या प्रश्नाचे उत्तर रेल्वेने मिळवून दिले. दौंडसारख्या जंक्शनवर आज उभ्या दिसणाऱ्या डब्यांना रोलर बेअरिंग असतात. पूर्वी डब्याचा आस साध्या बेअरिंगमध्ये फिरत असे, आणि तेल कमी पडले की तो तापून लाल होई. इंग्लंडमध्ये बोचँप टॉवर नावाचा अभियंता अशा बेअरिंगवर प्रयोग करीत होता. त्याचा अहवाल १८८३ साली प्रसिद्ध झाला. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्याने एक भोक पाडले होते. आस फिरू लागला, की तेल आत जाण्याऐवजी त्याच भोकातून उसळून बाहेर येई. त्याने भोकाला लाकडी खुंटी मारली, तर तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. दाबमापक लावून पाहिला, तेव्हा बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब तेलात असल्याचे आढळले.

ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ साली याचा गणिती उलगडा केला. फिरणारा आस आपल्याबरोबर तेल ओढतो. ते निमुळत्या फटीत कोंबले जाते आणि पाचरीसारखे आसाला वर उचलून धरते. ओल्या शहाबादी फरशीवर भरभर चालताना चप्पल सटकते, तेव्हाही असेच काहीसे घडते. चप्पल आणि फरशी यांच्यात पाण्याची पाचर शिरते.

पाचर टिकायला दोन गोष्टी लागतात: हालचालीचा वेग आणि तेलाची श्यानता. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात तेलाचा थर अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेल फारच पातळ झाले, तर थर फाटतो आणि धातू धातूला घासतो. तेल गरजेपेक्षा जाड असले, तर थर फाटत नाही, पण ते तेल घुसळण्यात पेट्रोल खर्च होते, इंजिन स्वतःच जास्त तापते, आणि थंडीत तेल वरच्या भागात पोचायला उशीर लागतो. इंजिन सुरू होतानाच्या पहिल्या काही सेकंदांत तेल अजून वर पोचलेले नसते. त्या वेळी होणारी झीज महत्त्वाची असते. तेल जितके जाड, तितका हा काळ लांबतो.

डब्यावरचे आकडे

तेलाच्या श्यानतेची ही प्रतवारी अमेरिकेतल्या 'सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स' या संस्थेची आहे. डब्यावर 'एसएई' अशी जी अक्षरे असतात ती हीच. '२०डब्ल्यू-४०' म्हणजे वीस ते चाळीस अंश तापमानात चालणारे तेल, असा समज सर्रास आढळतो. मग दौंडला एप्रिलमध्ये पारा चाळीसच्या वर गेला, की लोकांना काळजी वाटू लागते आणि ते '५०' चे तेल मागतात. हा समज साफ चुकीचा आहे. हे आकडे तापमानाचे नाहीत. ते केवळ इयत्तांसारखे आहेत.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतली वागणूक सांगतो. २०डब्ल्यू तेलाची परीक्षा शून्याखाली १५ आणि २० अंशांना, तर १०डब्ल्यू तेलाची शून्याखाली २५ आणि ३० अंशांना घेतात. अशी थंडी आपल्याकडे कधीच पडत नाही. त्यामुळे आपल्याकडे २०डब्ल्यू तेल गोठून इंजिन अडेल, ही भीती नाही. मात्र आकडा जितका लहान, तितके तेल सकाळच्या थंड इंजिनात लवकर फिरू लागते, एवढा फायदा येथेही मिळतो.

शेवटचा आकडा इंजिन तापल्यावरची वागणूक सांगतो. ही परीक्षा १०० अंशांना होते. श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान असेल तर तेल '३०' च्या वर्गात बसते, १२.५ ते १६.३ असेल तर '४०' च्या, आणि १६.३ ते २१.९ असेल तर '५०' च्या.

एकाच तेलाला दोन आकडे कसे? पूर्वी तेल एकाच प्रतीचे असे. उन्हाळ्याचे वेगळे, हिवाळ्याचे वेगळे. पुढे तेलात बहुवारिक संयुगांचे, म्हणजे लांबलचक रेणूंचे मिश्रण करू लागले. थंड तेलात हे रेणू लोकरीच्या गुंड्यासारखे आकसून असतात, तेव्हा तेलाला फारसा अडथळा होत नाही. तेल तापले की ते उलगडतात आणि तेलाला जास्त पातळ होऊ देत नाहीत. तापल्यावर पातळ होण्याची तेलाची खोड यामुळे मोडत नाही, पण कमी होते.

मग उन्हाळ्यात जाड तेलच बरे का?

मिस्त्रींचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मोटारसायकलचे इंजिन बहुधा वाऱ्यावर थंड होते. बाहेरची हवा दहा अंशांनी जास्त गरम असेल, तर इंजिनातले तेलही साधारण तितकेच जास्त तापते. १०० च्या आसपास तापमान दहा अंशांनी वाढले, की तेलाची श्यानता सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. उसाच्या ट्रॅक्टरमागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगत जाताना वाराही लागत नाही, तेव्हा तापमान आणखी चढते.

पण हा हिशेब गाडी बनवणाऱ्याने आधीच केलेला असतो. गाडी भारतातल्या उन्हाळ्यात चालायची आहे, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तर एकाच हवेत धावणाऱ्या निरनिराळ्या गाड्यांना निरनिराळी तेले सांगितलेली दिसतात. स्प्लेंडरच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३०, पल्सर १५० च्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-५०, तर अलीकडच्या बुलेटच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-५० सांगितलेले आढळते. या तिन्ही गाड्या दौंडच्या एकाच चौकात, एकाच उन्हात उभ्या असतात. तेल उन्हावरून ठरत असते, तर तिघींचे तेल एकच असते. ते ठरते इंजिनावरून: भागांमधल्या फटी किती ठेवल्या आहेत, तेलाचा पंप किती जोराचा आहे, तेल जाण्याच्या वाटा किती रुंद आहेत, इंजिन किती तापते, यावरून.

थोडक्यात, बारीक फटींच्या इंजिनात '५०' चे तेल घालणे म्हणजे जास्तीची काळजी नव्हे. अरुंद गळ्याच्या बाटलीत काकवी ओतण्यासारखे ते आहे. पुस्तिकेत एकाहून अधिक प्रती दिल्या असतील, तर मात्र आपल्या हवेप्रमाणे व वापराप्रमाणे त्यांतली एक निवडायला हरकत नाही.

क्लचची गोष्ट

आता सरांच्या गाडीकडे वळू. त्यांनी घातलेले तेल पातळ नव्हते आणि वाईटही नव्हते. मग क्लच का घसरला?

मोटारीत इंजिनाचे तेल फक्त इंजिनात असते. तिचा गिअरबॉक्स वेगळा, त्याचे तेल वेगळे, आणि साध्या गिअरच्या मोटारीचा क्लच कोरडा असतो. मोटारसायकलमध्ये जागा कमी. तेथे इंजिन, गिअर आणि क्लच हे तिन्ही एकाच घरात राहतात आणि एकाच चेंबरमधले लिटरभर तेल तिघांना पुरते. क्लचच्या प्लेटा तर तेलात बुडूनच काम करतात. एक घर्षणाची प्लेट, एक पोलादी प्लेट, अशा त्या एकाआड एक रचलेल्या असतात. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात. इंजिनाची सारी ताकद एका प्लेटेकडून दुसरीकडे जाते ती केवळ घर्षणामुळे.

म्हणजे बघा, पिस्टनपाशी आपल्याला घर्षण नको आहे, आणि तेथून वीतभर अंतरावर, त्याच तेलात, घर्षण हवेच आहे. एकाच तेलाकडून आपण दोन परस्परविरुद्ध कामांची अपेक्षा करतो.

मोटारींच्या तेलांवर ही जबाबदारी नसते. पेट्रोल वाचावे म्हणून त्यांतल्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी पूरक द्रव्ये घालतात. त्यांत मॉलिब्डेनमची संयुगेही असतात. त्यांचे रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतात. मोटारीच्या इंजिनात हे चांगलेच. मोटारसायकलच्या क्लचमध्ये मात्र ते प्लेटांनाही गुळगुळीत करतात. साध्या चालीत हे जाणवत नाही. चढावर, किंवा एखाद्याला ओलांडताना, इंजिन पूर्ण जोर लावते तेव्हा प्लेटा एकमेकींवरून सटकतात. आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. आणि हे नेमके आपल्याला वेगाची सर्वांत जास्त गरज असते त्या क्षणी घडते.

ही अडचण जगभर जाणवू लागली, तेव्हा जपानमधील मोटार मानक संस्थेने १९९८ साली चारस्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी वेगळे मानक केले. त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला 'जासो' म्हणतात. त्यात तेलात भिजलेल्या प्लेटा यंत्रावर फिरवून त्यांची पकड मोजतात. पकड चांगली राहिली तर तेलाला 'एमए', कमी राहिली तर 'एमबी' अशी खूण मिळते. २००६ पासून 'एमए' चे 'एमए-१' व 'एमए-२' असे दोन भागही केले; 'एमए-२' ची पकड अधिक. गिअरच्या मोटारसायकलींना 'एमए' लागते. बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे तिला 'एमबी' चालते. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरला तेच सांगितलेले असते.

ज्यांनी राजदूत, येझदी किंवा एम-८० चालवली आहे, त्यांना हा सारा प्रकार नवा वाटेल. ती टूस्ट्रोक इंजिने होती. त्यांत टूटी ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायचे, ते पेट्रोलबरोबर जळून निळ्या धुरावाटे निघून जायचे. क्लच आणि गिअरचे तेल वेगळे असे. चारस्ट्रोक गाड्या आल्या आणि एकच तेल महिनोन्‌महिने तीन कामे करू लागले. गाडी बदलली, पण तेल 'कोणतेही चालते' ही सवय मात्र काही ठिकाणी तशीच राहिली.

गिअरचा आणखी एक परिणाम आहे. गिअरचे दाते तेलातल्या त्या लांब रेणूंना सतत चिरडत असतात. रेणू तुटले की तेल तापल्यावर पातळ होऊ लागते. म्हणून मोटारसायकलचे तेल या चिरडण्यालाही टिकावे लागते.

डबा कसा वाचावा?

तेल घेताना डबा चार गोष्टींसाठी वाचावा.

पहिली, श्यानतेची प्रत. ती गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावी. पुस्तिका हरवली असेल, तर तेल भरण्याच्या झाकणाजवळ प्रत कोरलेली आहे का ते पाहावे, नाहीतर त्याच कंपनीच्या सेवा केंद्रात विचारावे.

दुसरी, 'जासो'ची खूण. गिअरच्या गाडीला 'एमए' किंवा 'एमए-२'.

तिसरी, 'एपीआय' हा शब्द आणि त्यापुढची दोन अक्षरे. ही अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेची प्रतवारी. पेट्रोल इंजिनासाठी पहिले अक्षर 'एस'. दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढे, तितके मानक अलीकडचे: 'एसजे' नंतर 'एसएल', 'एसएम', 'एसएन'. पुस्तिकेत सांगितलेले किंवा त्यापुढचे घ्यावे; पण 'जासो'ची खूण नसेल, तर नुसत्या पुढच्या अक्षराला भुलू नये. सरांच्या डब्यावर ते अक्षर अगदी अलीकडचे होते. नव्हती ती 'एमए' ची खूण.

चौथी, झाकणाचे सील. बनावट तेल जुन्या डब्यांतूनच विकले जाते. म्हणून आपला रिकामा डबा टाकण्यापूर्वी कापून टाकावा.

साधे खनिज तेल घ्यावे की सिंथेटिक, हा प्रश्न या चारींच्या नंतरचा. तापलेल्या तेलाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की हा वेग सुमारे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. सिंथेटिक तेल या बिघाडाला अधिक काळ टिकते. उन्हात लांबचा प्रवास रोज करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. पण चुकीच्या प्रतीचे महाग तेल हे योग्य प्रतीच्या स्वस्त तेलाला पर्याय होत नाही.

काळे झाले म्हणजे खराब झाले का?

नवे तेल मधासारखे दिसते आणि काही दिवसांत काळे पडते. त्यावरून 'तेल जळाले' असे म्हणतात. पण तेलात कपड्याच्या साबणासारखे काम करणारी द्रव्ये घातलेली असतात. ती काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवतात. काळे तेल हे बऱ्याच वेळा नीट काम करणारे तेल असते. रंगावरून नव्हे, तर पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरवरून किंवा महिन्यांवरून, जे आधी येईल त्यावरून, तेल बदलावे. तेल दुधाळ दिसले, तर मात्र त्यात पाणी मिसळले असे समजून लगेच तपासावे.

'किंवा महिन्यांवरून' असे का, हे शिरूरमध्येच राहणाऱ्या, घरापासून दोन किलोमीटरवरच्या शाळेत जाणाऱ्या बाईंनी विशेष ध्यानात घ्यावे. त्यांची गाडी महिन्यात फारशी धावत नाही. पण दोन किलोमीटरांत तेल पुरते तापतच नाही. जळणातून तयार झालेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल तेलात उतरते, ते उडून जायला उष्णता मिळत नाही. पन्नास किलोमीटर जाणाऱ्या सरांच्या तेलापेक्षा बाईंचे तेल किलोमीटरमागे लवकर बिघडते.

आणि एक सोपी गोष्ट सर्वांत जास्त राहून जाते. गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करा, इंजिन बंद करून काही मिनिटे थांबा आणि तेलाची पातळी पट्टीवर किंवा काचेच्या खिडकीतून पाहा. लिटरभर तेलातले पाव लिटर कमी झाले, तर उरलेल्या तेलावर सारा भार पडतो. उत्तम तेल कमी असण्यापेक्षा साधे, योग्य प्रतीचे तेल पुरेसे असणे केव्हाही चांगले.

काढलेल्या तेलाचे काय?

काढलेले काळे तेल गटारात किंवा बांधावर ओतलेले आपण पाहतो. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते फासतातही. त्या तेलात धातूंचे कण आणि अर्धवट जळलेल्या पेट्रोलची घातक संयुगे असतात. पावसाच्या पाण्याबरोबर ते ओढ्यात, ओढ्यातून घोड नदीत आणि घोडेतून भीमेत जाते. पाण्यावर त्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळू देत नाही. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते शुद्ध करून पुन्हा वंगण बनवता येते. म्हणून तेल गॅरेजमध्येच बदलावे आणि मिस्त्री ते पिंपात साठवून पुनर्वापर करणाऱ्याकडे देतात ना, हे विचारावे. घरी बदलले तर त्याच डब्यात भरून गॅरेजला नेऊन द्यावे. असे तेल गोळा झालेला डबा मात्र कापू नये!

सरांच्या गाडीतले तेल दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी काढले आणि पुस्तिकेत सांगितलेले १०डब्ल्यू-३०, 'जासो एमए' खुणेचे तेल भरले. चार-पाच दिवसांत क्लच पूर्वीसारखा धरू लागला. आणखी काही दिवस तशीच गाडी चालवली असती, तर प्लेटा जळून त्या बदलाव्या लागल्या असत्या. मिस्त्रींचे जाड तेल घातले असते तर काय झाले असते? ते मोटारसायकलसाठीचेच तेल होते, म्हणून क्लच घसरला नसता. पण थंड सकाळी इंजिनाला ते जड गेले असते आणि पेट्रोल थोडे जास्त लागले असते. दोन्ही सल्ल्यांत एकच उणीव होती. डबा आणि पुस्तिका शेजारी ठेवून कोणी वाचली नव्हती.

सरांनी आता शाळेत एक तक्ता लावला आहे. शिक्षकांच्या व पालकांच्या गाड्यांची नावे, पुस्तिकेतली तेलाची प्रत आणि प्रत्यक्षात घातलेले तेल, असे तीन रकाने. माहिती नववीची मुले गोळा करतात. आपल्याही शाळेत हे करून पाहावे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात फरक कोठे पडतो, आणि विचारल्यावर त्याचे कारण काय सांगितले जाते, हे मुलांना लिहून आणायला सांगावे. त्या कारणांपैकी कोणती प्रयोगाने तपासता येतील, यावर एक तास सहज चर्चा होऊ शकेल.